मोलगीचा बाजार, मोलगीची वस्ती : जमीन-वापराच्या नियमांचा आढावा

प्रश्न नेमका काय आहे

अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून सातपुड्यात शिरले की मोलगी लागते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातले हे गाव कागदोपत्री खेडे असले, तरी आसपासच्या पाड्यांसाठी तेच शहर आहे. ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे, शाळा, किराणा, कापड, शेतीची अवजारे आणि आठवडे बाजार यांसाठी भिल्ल आणि पावरा कुटुंबे डोंगरउतारावरून इथेच येतात. महूफुलांचा हंगाम सरतो आणि आमचूर सुरू होतो, तेव्हा कैरीच्या वाळलेल्या फोडी घेऊन येणारे आदिवासी आणि त्या खरेदी करून बाहेर पाठवणारे व्यापारी यांच्यामुळे गावाचा व्याप काही आठवड्यांपुरता कितीतरी वाढतो. अशा गावात घरे कुठे असावीत, दुकाने कुठे, गोदामे कुठे आणि हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न आज ना उद्या येणारच. मोलगी स्वतंत्र तालुका व्हावा, ही मागणी वेळोवेळी पुढे येत असल्याने तो आता अधिक निकडीचा झाला आहे. तालुका झाला की कार्यालये येतात, निवासस्थाने येतात, रस्त्यालगतच्या जमिनीला भाव येतो, आणि नंतर केलेले नियम आधी झालेल्या बांधकामांच्या मागे धावत राहतात.

या प्रश्नावरील चर्चा प्रामुख्याने तीन दिशांनी चालते. एक दिशा नगररचनेची, दुसरी मिश्र वापराची आणि तिसरी अनुसूचित क्षेत्रातील स्वशासनाची. तिन्हींच्या मागे कायदा आहे, अनुभव आहे आणि काही खऱ्या चिंता आहेत. हा आढावा त्यांची पार्श्वभूमी सांगून प्रत्येकीची बाजू मांडतो आणि काय अजून सुटलेले नाही ते नोंदवतो. मांडणीतून एक मुद्दा सिद्ध करण्याचा प्रयत्न आहे : मोलगीसारख्या गावात जमिनीचा वापर हा तिसरा प्रश्न आहे. जमीन कोणाची आणि निर्णय कोणाचा, हे दोन प्रश्न त्याच्या आधी येतात. क्रम उलटा केला, तर चांगला नियमही चुकीचे काम करू लागतो.

पार्श्वभूमी : वापराचे विभाग आले कुठून

घर एकीकडे आणि धंदा दुसरीकडे, ही विभागणी औद्योगिक शहरांच्या गरजेतून आली. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये सगळ्या शहराला लागू होणारे विभागांचे नियम केले. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड या गावाच्या खटल्यात असे नियम वैध ठरवले आणि ती पद्धत जगभर पसरली. आपल्याकडची सुरुवात थोडी निराळी आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाट वस्तीचे धोके उघडे पाडले, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा आला. रस्ते आखणे आणि वेड्यावाकड्या तुकड्यांतून नीट भूखंड पाडणे, हा त्याचा मुख्य हेतू होता. त्याच सुमारास भारतात आलेले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस जुन्या वस्त्या पाडून सरळ रेषा मारण्याला विरोध करीत होते. आधी गावाची पाहणी, मग कमीत कमी काटछाट, असा त्यांचा आग्रह होता. वस्ती आहे तशी समजून घ्यायची की नकाशात बसवायची, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

१९५४ च्या नगररचना कायद्याने नगरपालिकांवर विकास योजना करण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने शहराबाहेरच्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजनेची तरतूद केली. त्यानंतरचा मोठा टप्पा डिसेंबर २०२० चा. बृहन्मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. या नियमावलीत निवासी विभागातही दुकानांना जागा आहे. कोणता धंदा चालेल, हे मुख्यतः भूखंडासमोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरते. म्हणजे निवासी आणि व्यापारी यांची कडक फारकत महाराष्ट्राच्या नियमांनी स्वतःच बरीच सैल केली आहे.

मोलगीला आज कोणते नियम लागू होतात

ग्रामपंचायतीच्या गावात बांधकामाचे पहिले दार ग्रामपंचायतीचे असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गावठाणात बांधकामासाठी तिची परवानगी लागते, कलम ५३ तिला सार्वजनिक रस्त्यावरील आणि मोकळ्या जागेवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार देते, आणि कलम १२४ नुसार ती आठवडे बाजारावर फी आकारू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने ग्रामीण भागासाठी ही वाट आणखी सोपी केली. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर वेगळी परवानगी नको, कागदपत्रे दिली की पुरे. त्यापुढे ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतच प्रमाणपत्र देईल, असे ठरले. गावठाणाबाहेर मात्र जमीन शेतीची असते. ती बिनशेती करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४४ होते. पुढे कलम ४२-ड ची भर पडली आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन ठरलेली रक्कम भरून बिनशेती मानली जाण्याची सोय झाली.

ही सारी रचना एक गोष्ट गृहीत धरते, की गावाला मध्यभागी दाट गावठाण असते आणि भोवती शेते. सातपुड्यातील वस्ती तशी नाही. इथे घर शेतात असते, शेजारचे घर हाकेच्या अंतरावर दुसऱ्या टेकाडावर, आणि अशा घरांचा मिळून पाडा. या भागातील अनेक गावे तर आधी वनगावे होती आणि उशिरा महसुली झाली. त्यामुळे गावठाणाची हद्द आणि प्रत्यक्ष वस्ती यांचा मेळ बसत नाही. २०० मीटर मोजायचे तर कुठून, हा प्रश्न मैदानी गावात हास्यास्पद वाटेल, इथे तो खरा आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. पण तिचाही आधार गावठाणच आहे. विखुरलेल्या पाड्यांना आणि वनजमिनीवरील घरांना तिचा लाभ मर्यादित राहतो.

या सामान्य चौकटीवर अनुसूचित क्षेत्राची दुसरी चौकट बसते, आणि मोलगीच्या बाबतीत तीच निर्णायक आहे. अक्कलकुवा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के होता. डोंगरातील तालुक्यांत तो याहून जास्त आहे. महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीचा भोगवटा बिगर आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्ट्याने मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण जिल्हाधिकारी मंजूर करू शकतात, त्यापुढील व्यवहाराला राज्य सरकारची मान्यता लागते. आधी गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी केलेला १९७४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात वैध ठरवला. कलम ३६-अ चा रोख भोगवटा कोणाचा आहे यावर आहे. जमिनीचा वापर शेतीवरून दुकानावर गेला म्हणून तो निर्बंध आपोआप सुटत नाही.

तिसरा थर पेसा कायद्याचा. डिसेंबर १९९६ च्या या केंद्रीय कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आणि पंचायतीला जमिनीचे हस्तांतर रोखण्याचे, गौण वनोपजाच्या मालकीचे आणि गावबाजाराच्या व्यवस्थापनाचे अधिकार दिले. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. त्यांनुसार एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूह स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. वनजमिनीच्या बाबतीत २००६ चा वनहक्क कायदाही आहे. त्याखाली मिळालेला हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही. शाळा, दवाखाना, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. या तेरांत खासगी दुकान नाही.

पहिली भूमिका : आधी आराखडा हवा

नगररचनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे. बाजाराचे गाव नियमाशिवाय वाढले, तर ते रस्त्याच्या कडेने वाढते. दुकानांची रांग लागते, मागची जमीन अडते, जीप आणि ट्रक रस्त्यातच उभे राहतात, आणि घाटातून येणाऱ्या एकुलत्या रस्त्यावर रुग्णवाहिका अडकते. गटार कुठे न्यायचे, पाण्याची टाकी कुठे, स्मशानभूमी कुठे, हे नंतर ठरवू म्हटले तर जागा उरत नाही. वाळलेला माल साठवणारे गोदाम आणि गॅस सिलिंडरचे दुकान घरांना खेटून असणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे. म्हणून गावाला नगरपंचायतीचा दर्जा मिळावा, विकास योजना व्हावी आणि वापराचे विभाग आखावेत, अशी ही मांडणी. शेजारच्या धडगावला नगरपंचायत झाली आहे, आणि पालघर जिल्ह्यातील जव्हारला तर १९१८ पासून नगरपालिका आहे. अनुसूचित क्षेत्र आणि नगरप्रशासन एकत्र नांदू शकतात, याचे दाखले म्हणून ही दोन गावे सांगता येतात.

या भूमिकेचे बळ तिच्या दूरदृष्टीत आहे, अडचण तिच्या किमतीत. नगरपंचायत झाली की गाव पंचायत व्यवस्थेतून बाहेर पडते, आणि पेसा हा पंचायतींपुरताच कायदा आहे. ग्रामीण योजना, त्यांत रोजगार हमीही आली, गावाच्या हातून सुटण्याचा धोका असतो. पावसाळ्यानंतर कामासाठी गुजरातेत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या भागात ही किंमत लहान नाही.

दुसरी भूमिका : घर आणि दुकान वेगळे करू नका

दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, की ज्या गावात दुकानाच्या मागच्या खोलीतच कुटुंब राहते, तिथे निवासी आणि व्यापारी अशी रेघ मारून काय साधणार? लहान गावातील धंदा भांडवलावर कमी आणि घरच्या मनुष्यबळावर जास्त चालतो. बाई स्वयंपाक करता करता पिठाची गिरणी किंवा शिवणयंत्र सांभाळते. दुकान दुसरीकडे न्यावे लागले तर तो धंदा बंद पडतो किंवा पुरुषाच्या हाती जातो. व्यापारी विभागात जागा थोडी राहिली की तिचे भाडे चढते आणि आधीच पाय रोवलेल्याचा फायदा होतो. जपानची पद्धत या बाजूच्या मदतीला येते. तिथे तेरा विभाग आहेत. सर्वांत शांत निवासी विभागातही घराला जोडून ५० चौरस मीटरपर्यंतचे दुकान चालते, आणि नियमांचा रोख धंद्याच्या नावापेक्षा त्याच्या उपद्रवावर असतो. महाराष्ट्राची २०२० ची नियमावलीही, रस्त्याच्या रुंदीचा निकष लावून का होईना, त्याच दिशेने गेली आहे.

यावर आक्षेप असा, की सगळेच मिसळले तर त्रास शेजाऱ्याला होतो. आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर संपूर्ण फारकतीत नाही. आवाज, धूर, सांडपाणी, आगीचा धोका आणि अवजड वाहने या पाच गोष्टींवर मर्यादा घातली, तर चहाची टपरी आणि वेल्डिंगचे दुकान यांत फरक करता येतो. मोलगीत तर काळाचाही विचार हवा. आठवडे बाजार आठवड्यातून एक दिवस भरतो, आमचूर उन्हाळ्यात येतो. कायमचा रंग भरलेला नकाशा या हंगामी वापराला ओळखत नाही. बाजाराच्या दिवशी खुली असणारी आणि एरवी पोरांना खेळायला मिळणारी जागा त्यात एका खान्यात बसत नाही.

तिसरी भूमिका : आधी जमीन वाचवा

स्वशासनाच्या बाजूने मांडणारे आणखी मागे जातात. त्यांच्या मते शेतजमीन व्यापारी विभागात टाकली की तिचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की मूळ मालकावर दबाव येतो. कायदा विक्री अडवतो, पण नफ्याची ओढ अडवत नाही. मग जमीन आदिवासीच्या नावावर राहते, इमारत दुसऱ्याच्या पैशाने उभी राहते आणि व्यवहार तोंडी किंवा साध्या मुद्रांकावर होतो. अनुसूचित क्षेत्रांतील बाजारगावांबाबत ही चिंता नेहमी मांडली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या समता निकालात आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रातील सरकारी जमीनही बिगर आदिवासींना पट्ट्याने देता येणार नाही असे म्हटले, तेव्हा न्यायालयाच्या डोळ्यांसमोर हीच घसरण होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना आपली जमीन खासगी व्यक्तींना थेट भाडेपट्ट्याने देता यावी, असा कायदा आणण्याचे सूतोवाच केले. बाजूने सांगितले गेले की आदिवासीला हक्काचे उत्पन्न मिळेल. विरोधात सांगितले गेले की भाडेपट्टा हाच जमीन जाण्याचा पहिला टप्पा ठरेल. म्हणून विभाग आखायचे असतील तर ते ग्रामसभेने आखावेत, असा या बाजूचा आग्रह आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली, हे या विचाराचे टोकाचे पण प्रत्यक्षातले उदाहरण आहे.

या भूमिकेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, की ग्रामसभेला नकाशे आणि तांत्रिक निकष कळत नाहीत. तो फारसा टिकत नाही, कारण नकाशा करणे आणि निर्णय घेणे ही वेगळी कामे आहेत. नगरपालिकेचे नगरसेवकही नगररचनाकार नसतात, नकाशा नगररचना सहायक संचालकांचे कार्यालयच करते. दुसरा आक्षेप जड आहे. अनेक वर्षे व्यापार करणाऱ्या बिगर आदिवासी कुटुंबांना निर्बंधांमुळे पक्की मालकी मिळत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ कर आकारणीचा पुरावा आहे, मालकीचा नाही, त्यामुळे बँक कर्ज देत नाही आणि दुकान पत्र्याचेच राहते. आदिवासी दुकानदारासाठी महसूल संहितेच्या कलम ३६ मध्येच बँक आणि सहकारी संस्थेकडे तारण ठेवण्याची वाट आहे, पण बिगर आदिवासी भाडेकरूसाठी नाही. गावाच्या मालकीचे गाळे बांधून ते मुदतीच्या भाड्याने देणे, हा मधला मार्ग सुचवला जातो. त्यात जमीन गावाची राहते, दुकानदाराला मुदतीची हमी मिळते आणि भाडे पंचायतीला. हा मार्ग कितपत चालेल, हे गाळेवाटप किती उघडपणे होते यावर अवलंबून राहील.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न घटनात्मक आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेला नगरपालिकांचा भाग अनुच्छेद २४३-झेडसी नुसार अनुसूचित क्षेत्रांना लागू नाही. तो लागू करायला संसदेचा कायदा हवा. भुरिया समितीने १९९५ मध्ये नगरपालिकांबाबत शिफारशी दिल्या, २००१ मध्ये विधेयकही मांडले गेले, पण कायदा झाला नाही. परिणामी अनुसूचित क्षेत्रातील गाव शहर झाले की पेसाचे संरक्षण जाते आणि त्या जागी तोडीचे काहीच येत नाही. मोलगीने कोणता दर्जा मागावा, या चर्चेत हा खड्डा लक्षात घेतलाच पाहिजे.

दुसरा प्रश्न हद्दीचा आहे. पेसाने निर्णय पाड्यापर्यंत नेला, हे योग्यच झाले. पण मोलगीचा बाजार एका पाड्याचा नाही. तो डझनावारी गावांचा आहे. बाजाराच्या जागेबद्दल मोलगीच्या ग्रामसभेने एकटीने ठरवायचे, की बाजारावर अवलंबून असलेल्या ग्रामसभांनी मिळून? संयुक्त निर्णयाची पद्धत कागदावर सुचवणे सोपे आहे. तिच्यात वाद कसा मिटवायचा, हे ठरलेले नाही. तिसरा प्रश्न फेरीवाल्यांचा. २०१४ चा पथविक्रेता कायदा नागरी क्षेत्रांसाठी बेतलेला आहे. आठवडे बाजारात जमिनीवर फडके अंथरून बसणाऱ्या बाईचे संरक्षण पंचायतीच्या मर्जीवर राहते, आणि पक्के गाळे झाले की सर्वांत आधी तिचीच जागा जाते. चौथा प्रश्न सरकारी कार्यालयांच्या जागेचा. तालुका झालाच, तर बाजारापासून दूर नवी वसाहत करायची की बाजारालगतच. याच्या उत्तरावर पुढच्या पिढीचे गाव ठरणार आहे.

निष्कर्ष

तिन्ही भूमिका वाटतात तितक्या परस्परविरोधी नाहीत. नगररचनेची बाजू रस्ता, पाणी आणि आग यांबद्दल बरोबर आहे. मिश्र वापराची बाजू लहान धंद्याच्या स्वरूपाबद्दल बरोबर आहे. स्वशासनाची बाजू जमीन आणि अधिकार यांबद्दल बरोबर आहे. त्यांचा मेळ क्रमाने बसतो. सुरुवात आज हातात असलेल्या साधनांपासून करता येईल. महसूल संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी मोकळी सरकारी जमीन बाजार, खळे, रस्ता अशा सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवू शकतात. बाजाराचे मैदान, वाहनतळ, माल वाळवण्याची आणि उतरवण्याची जागा या कलमाखाली, ग्रामसभेच्या ठरावाने राखणे, ही पहिली पायरी. प्रत्यक्ष वस्तीचा, म्हणजे पाड्यांसकट, नकाशा तयार करणे ही दुसरी. उपद्रवाच्या पाच निकषांवर धंद्यांची छोटी यादी ग्रामसभेत मंजूर करून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ च्या परवानगीशी जोडणे ही तिसरी. या तीन पायऱ्यांना ना नवा कायदा लागतो, ना नगरपंचायत.

निवासी आणि व्यापारी विभागांचा रंगीत नकाशा त्यानंतर, गरज उरली तर करावा. जमिनीचा हक्क आणि निर्णयाचा अधिकार निश्चित नसताना तो केला, तर मोलगीत तो जमिनीच्या भावाचा तक्ता म्हणूनच वाचला जाईल.